घाट चढताना हेडलाइट पिवळे पडतात, गॅरेजमध्ये मात्र सगळं ओके!

देवगडचा बागायतदार:
नमस्कार मंडळी. माझी 2007 ची डिझेल पिकअप आहे, 12 व्होल्ट, 75 एएचची बॅटरी. बॅटरी दिवाळीत नवी टाकली, त्याआधीची जेमतेम दीड वर्ष टिकली. दुखणं रोज येत नाही, हाच त्रास आहे. आठ-दहा दिवस गाडी एका चावीत लागते. मग एखाद्या सकाळी सेल्फ जड फिरतो, घुर्र... घुर्र, तर कधी नुसतंच 'टक' वाजतं. वाडीतल्या चौघांनी धक्का दिला की लागते आणि पुढचे आठ दिवस परत चांगली.

गेल्या गुरुवारी रात्री मात्र मी घाबरलो. 62 पेट्या हापूस भरून कोल्हापूरला निघालो होतो. तळेरे सोडेपर्यंत ठीक. करूळ घाट अर्धा चढलो आणि हेडलाइट पिवळे पडायला लागले. वळवाचा पाऊस, त्यात वायपर काचेच्या मधोमध रेंगाळायला लागला. डॅशवरचा चार्जिंगचा लाल दिवा पेटला होता, पण पूर्ण नाही, निखाऱ्यासारखा अंधुक. कठडा दिसत नव्हता. पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून कसाबसा गगनबावडा गाठला. इंजिन बंद करायची छाती झाली नाही, चालू ठेवूनच चहा घेतला. अर्ध्या तासाने निघालो तर उजेड पांढराशुभ्र!

सकाळी सौदे उरकून कोल्हापुरातच एका गॅरेजला दाखवली. मीटर लावला, 14.1 व्होल्ट. "काही नाही, ओके आहे." बॅटरीवाला म्हणतो बॅटरी ओके. इकडचा इलेक्ट्रिशियन म्हणतो बॅटरी चार्ज करणारा अख्खा डायनामो (अल्टरनेटर) बदला, साडेनऊ हजार. बदलेनही, पण त्याने दुखणं जाईल असं छातीठोक कोणी सांगत नाही. हंगामाचे अजून तीन आठवडे आहेत. घरी मल्टीमीटर आहे, वापरता येतो. कुठून सुरुवात करू?

पिकअपवाला सांगोला:
भाऊ, सरळ 100 एएचची बॅटरी टाका. माझ्या गाडीला टाकल्यापासून सेल्फची कटकट गेली.

वायरमनकाका, सातारा:
बागायतदार, आधी एक विनंती. निदान होईपर्यंत रात्री माल भरून घाट चढू नका. पेट्या ओळखीच्या गाडीत द्या, भाडं गेलं तर गेलं.

मी 31 वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होतो. आमच्या गाड्या 24 व्होल्टच्या, तुमची 12 ची, पण करंट त्याच वाटेने फिरतो. सांगोल्याच्या भाऊंचा सल्ला मनापासूनचा आहे, पण इथे चालणार नाही. नळाला पाणी कमी येत असेल तर मोठी टाकी बसवून काय होणार? ती भरायलाच जास्त वेळ लागेल.

तुमच्या लिहिण्यात सगळ्यात मोलाची गोष्ट तो अंधुक दिवा. चार्जिंगच्या दिव्याला एका बाजूने बॅटरीचा करंट येतो, दुसऱ्या बाजूने डायनामोचा. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की दिवा विझतो. डायनामो साफ बंद पडला तर दिवा लख्ख पेटतो. तुमचा निखाऱ्यासारखा पेटला, म्हणजे डायनामो मेला नव्हता, अर्धवट देत होता. आणि गॅरेजमध्ये 14.1 दाखवला तो थंड इंजिनवर, दिवे बंद ठेवून, गाडी उभी असताना. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय कळणार? दुखणं असेल त्या घटकेला मोजायचं.

मला वाटतं तुमच्या गाडीत दोन वेगळी दुखणी एकत्र आलीत, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. सकाळचा जड सेल्फ एक आणि घाटातला उजेड दुसरा.

सेल्फसाठी असं करा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी चावी न लावता मोजा. 12.6 म्हणजे पूर्ण भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली जवळपास रिकामी. मग कोणाला तरी सेल्फ मारायला लावा आणि मीटर बॅटरीच्या टर्मिनलवर धरा. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली पडली तर बॅटरी कमजोर. पण ती 11 च्या वर टिकली आणि सेल्फ तरीही जड फिरला, तर बॅटरीला दोष देऊ नका. करंट वाटेत अडतोय. तेव्हा मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशावर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, उघड्या लोखंडावर, धरून सेल्फ मारा. तिथे 0.2-0.3 च्या वर आकडा आला की अर्थिंग खराब. तुम्ही खाऱ्या वाऱ्यात राहता. इंजिन ते चासी जी तांब्याची विणलेली पट्टी असते ती वरून बरी दिसते आणि थिंबलच्या, म्हणजे टोकाच्या धातूच्या टोपीच्या, आत पांढरी-हिरवी पूड झालेली असते.

डायनामोसाठी गाडी रिकामी घेऊन दिवसा अर्धा तास चढावर चालवा. इंजिन तापलं की थांबा, हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं लावा, थोडा रेस द्या आणि दोन ठिकाणी मोजा: बॅटरीवर आणि डायनामोच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर. 13.8 ते 14.4 यायला हवेत. बोल्टवर येतात आणि बॅटरीवर नाही, तर मधली वायर. दोन्हीकडे नाहीत, तर दोष डायनामोच्या आत. त्याआधी डायनामो फिरवणारा पट्टा अंगठ्याने दाबून बघा, सैल पट्टाही असाच खेळ करतो.

आणखी दोन प्रश्न. तुमच्या डायनामोच्या मागे ब्रेकचा व्हॅक्यूम पंप आहे का? आणि इंजिन ऑइल मधल्यामध्ये घालावं लागतं का?

एक गोष्ट चुकूनही करू नका. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून "चार्जिंग आहे का" बघायची जुनी खोड अनेकांना आहे. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि कट-आऊट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर), डायोड दोन्ही उडू शकतात.

नाशिकची टुरिस्टवाली:
आमच्या दोन गाड्या आहेत. लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो लावून टाका. बॅटरीपेक्षा थोडा कमी दाखवतो, पण आकडा खाली घसरायला लागला की दिवे पिवळे पडायच्या आधी कळतं. आमची एक गाडी रात्रीत उतरायची. मायनस वायर काढून तिच्यात अॅम्पिअरचा मीटर घातला, तर सगळं बंद असताना 0.6 अॅम्पिअर जात होते. नंतर बसवलेला स्टिरिओ झोपतच नव्हता. 0.05 च्या आत असेल तर काळजी नाही. मीटर तसा जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटर जळतो.

देवगडचा बागायतदार:
काका, ताई, आभार. चार दिवस लागले, वहीत लिहून ठेवलंय.

उभ्या गाडीत करंट 0.03. ते ठीक. तीन सकाळी सेल्फ चांगला लागला. चौथ्या सकाळी जड. बॅटरी आधी 12.3, सेल्फ मारताना 11.3. मायनस ते ब्लॉक 1.8! मी तीनदा बघितलं.

डायनामो: पट्टा ताठ आहे. थंड इंजिनला 14.2. वैभववाडीपासून रिकामी गाडी करूळ घाटात नेली, वर थांबून सगळं लावलं तर बॅटरीवर 12.2, बोल्टवरही 12.2. सहज म्हणून पान्याच्या लाकडी मुठीने डायनामोवर दोन ठोके मारले. 13.9 झाले! दहा-बारा सेकंद राहिले आणि परत घसरले.

पंप आहे मागे. ऑइल दर दोन हप्त्यांनी अर्धा लिटर घालतो, मला वाटायचं जुनं इंजिन आहे, खाणारच.

वायरमनकाका, सातारा:
सापडलं. ते ऑइल इंजिन खात नाही, डायनामो पितोय. व्हॅक्यूम पंपाला वंगण इंजिनचं मिळतं, आणि पंप व डायनामो यांच्यामध्ये एक सील असतं. ते कडक झालं की इंजिन तापून ऑइल पातळ झाल्यावर आत झिरपतं, कार्बनच्या, म्हणजे डायनामोत करंट पोचवणाऱ्या ब्रशच्या, भुकटीत मिसळून काळा चिखल होतो. कार्बन आपल्या घरात अडकतो, फिरणाऱ्या स्लिप रिंगला नीट टेकत नाही. ठोका दिलात, तो सुटून टेकला, चार्जिंग आलं. थंडावला की कधी आपोआप टेकतो. म्हणून गॅरेजमध्ये ओके.

अख्खा डायनामो बदलायची गरज दिसत नाही. तुमच्यासमोर उघडायला सांगा. सील, कार्बन, बेअरिंग नवं, स्लिप रिंग साफ, आणि पंपाचा ऑइल परतीचा पाइप मोकळा आहे ना ते बघा. तो तुंबला असेल तर नवं सीलही जाईल. जोडल्यावर तापलेल्या इंजिनवर मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर आला तर डायोड प्लेटही बघावी लागेल. आणि ब्रेक पेडल कडक लागतं का? लागत असेल तर पंपाची पाती आधी तपासा, मग बाकी सगळं.

अर्थिंगची पट्टी नवी टाका, चासीकडचा रंग खरवडून लोखंड दिसू द्या, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली. आणि बॅटरी बाहेर काढून 7 अॅम्पिअरवर रात्रभर चार्ज करून घ्या. महिनोन् महिने अर्धीच भरलेली राहिलीय, डायनामोने ती पूर्ववत होणार नाही. आधीची दीड वर्षात का गेली, तेही आता कळलं असेल.

देवगडचा बागायतदार:
काका, काल उघडला. मी शेजारी उभा होतो. दोनपैकी एक कार्बन घरात इतका चिकटला होता की स्क्रू ड्रायव्हरने उचकटावा लागला. सील बांगडीसारखं कडक, बोटाने दाबलं तर तडकलं. परतीचा पाइप अर्धा तुंबलेला होता, तो डिझेलने धुतला. पंपाची पाती चांगली आहेत, पेडल मऊ आहे. सील, कार्बन, बेअरिंग, पट्टी, मजुरी धरून 2,350 झाले. अर्थिंगची जुनी पट्टी हातात घेऊन वाकवली तर थिंबलमधून सुटूनच आली. आईला दाखवली, तिला त्या गुरुवारचं मी काही सांगितलं नव्हतं.

आज रात्री 48 पेट्या घेऊन निघालो. ताईंनी सांगितलेला मीटर लावलाय. करूळच्या माथ्यावर, हेडलाइट आणि वायपर चालू असताना 13.7. मायनस ते ब्लॉक निघतानाच मोजलं होतं, 0.1. एसीवर 0.04. आता गगनबावड्यात चहा घेतोय, इंजिन बंद करून.