सल्ला हवा: कॉम एक्सप्रेस कॅरियर बोर्डवर बायॉसची चिप कशी जोडावी?

भोसरीकर:
नमस्कार मंडळी. कॉम एक्सप्रेसच्या टाइप 6 मॉड्यूलसाठी (प्रोसेसरसकटचा छोटा संगणक-बोर्ड) कॅरियर बोर्ड, म्हणजे तो ज्यावर बसतो तो खालचा बोर्ड, केलाय. मध्यंतरी बायॉस (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) अपडेट करताना एक मॉड्यूल मेलं, तेव्हाच ठरवलं की कॅरियरवर दुसरी चिप ठेवायचीच. विनबाँड 25क्यू128 लावलीय, 16 एमबीची. एसपीआयच्या (चिपशी बोलायच्या) चारही लाइनी बरोबर आहेत, तीनदा बझर लावून पाहिल्या. चिपला सप्लाय बोर्डाच्या 3.3 व्होल्टवरून. जंपर लावून फक्त बायॉस डिसेबल 1 हा स्ट्रॅप (बायॉस कुठल्या चिपवरून घ्यायचा ते ठरवणारी पिन) ग्राउंड केला, तर पंखासुद्धा हलत नाही. जंपर काढला की मॉड्यूल आपल्या चिपवरून मस्त सुरू. दुसरी कुठली चिप घेऊ?

फ्लक्सचा_वास:
चिप राहू द्या, तिचा काही दोष दिसत नाही. ते 3.3 व्होल्ट मशीन चालू झाल्यावरच येतात ना? इंटेलचा चिपसेट त्याआधीच, स्टँडबायला असताना, फ्लॅशमधला, म्हणजे बायॉसच्या चिपमधला, डिस्क्रिप्टर (चिपमध्ये काय कुठे आहे ती नोंद) वाचायला जातो. तेव्हा तुमची चिप झोपलेली. डिस्क्रिप्टर नाही म्हणून मशीन उठत नाही, मशीन उठत नाही म्हणून 3.3 येत नाही. बसा आता!
कनेक्टरवर ए91 ला एसपीआय पॉवरची पिन आहे, ती याचसाठी. सप्लाय तिथूनच घ्या. 100 मिलिअँपियरच्या आत राहा आणि त्यावर एलईडीसुद्धा लटकवू नका. मॉड्यूल तिथे 3.3 देतं की 1.8, ते मॅन्युअलमध्ये बघूनच चिपचा प्रकार ठरवा.

भोसरीकर:
अरे देवा. हो, तो सप्लाय मशीन चालू झाल्यावरच येतो. ट्रॅक कापून ए91 वरून वायर ओढतो. चिपमध्ये अपडेटची फाइल टाकलीय, ती चालेल ना?

जुनाजाणता:
बहुधा नाही. जंपर तुम्ही बरोबर लावलाय, पण त्यात कॅरियरची चिप पहिली धरली जाते आणि डिस्क्रिप्टरही तिच्यातूनच वाचला जातो. अपडेटच्या फाइलमध्ये बऱ्याचदा नुसता बायॉसचा तुकडा असतो. तुम्हाला पूर्ण इमेज हवी: पहिल्या 4 केबीत डिस्क्रिप्टर, मग मॅनेजमेंट इंजिन (इंटेलच्या चिपसेटचं स्वतःचं फर्मवेअर) वगैरे सगळं. चालू मॉड्यूलच्या चिपचा पूर्ण डंप (जशीच्या तशी प्रत) घ्या. ती चिप 32 एमबीची निघाली तर मात्र तुमची 16 ची पुरणार नाही.
आणि तोच डंप दहा बोर्डांवर छापू नका हं. लॅनचा मॅक पत्ता त्यातच असतो, दहाही मशिनी एकाच पत्त्याने नेटवर्कवर येतील. आमच्याकडे एकदा असंच झालं, दोन दिवस स्विचला शिव्या घालत होतो.
बायॉस डिसेबल 0 आणि 1 असे दोन्ही स्ट्रॅप ग्राउंड करा असं कुणी सांगेल. त्यात डिस्क्रिप्टर पुन्हा मॉड्यूलमधूनच येतो, म्हणजे मेलेलं मॉड्यूल उठवायला उपयोग शून्य.

मधली_सुट्टी:
चिपच्या राइट प्रोटेक्ट आणि होल्ड या पिनांना 10 के चे पुल-अप (सप्लायला जोडणारे रेझिस्टर) दिलेत का? त्या दोन लाइनी कॉम एक्सप्रेसच्या कनेक्टरवर येतच नाहीत, त्यामुळे बऱ्याचदा लोंबकळत राहतात. त्याच कारणाने क्वाड मोडही (या दोन लाइनीही डेटासाठी वापरणारा) विसरा. डिस्क्रिप्टरमध्ये चालू असेल तर बंद करावा लागेल.
क्लिप लावून प्रोग्राम करणार असाल तर आधी मॉड्यूल उपसून बाजूला ठेवा, नाहीतर प्रोग्रामरची वीज उलटी मॉड्यूलमध्ये शिरते. प्रोग्रामर तो काळा स्वस्त सीएच341ए असेल तर त्याच्या डेटाच्या पिनांवर मल्टिमीटर लावून बघा, त्यातल्या बऱ्याचांवर 5 व्होल्ट निघतात. 3.3 च्या चिपवर मी तरी ते लावणार नाही.

भोसरीकर:
उठलं! ए91 ची वायर आणि पूर्ण डंप टाकूनही आधी काहीच हललं नव्हतं. होल्ड खरंच लोंबकळत होता. पुल-अप लावला आणि पहिल्याच फटक्यात बायॉसचा पडदा आला. पुढच्या बोर्डात चिपसाठी सॉकेट ठेवू म्हणतो. पुण्यात तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) मिळेल का?

फ्लक्सचा_वास:
मिळेल. पण 208 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रुंदीचं मागा. नुसतं 8 पिनी म्हणालात तर 150 चं अरुंद हातात पडेल आणि ही चिप त्यात बसणार नाही.