कोडेक्सचं मानक जसंच्या तसं कायद्यात का घेऊ नये?

सेलम:
कोडेक्स म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न नि आरोग्य संघटनांची अन्नमानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने वाळलेल्या हळदीचं मानक मंजूर केलं. तिच्या मसाल्यांच्या समितीचं यजमानपद भारताकडे, कामकाज कोचीच्या स्पायसेस बोर्डाकडे. मग एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, सरळ एक ओळ लिहावी: 'हळदीला कोडेक्सचं मानक, वेळोवेळी सुधारेल तसं, लागू.' आपलं वेगळं कोष्टक हवंच कशाला? सांगलीच्या व्यापाऱ्याने एकाच पोत्यासाठी दोन कागद का सांभाळायचे?

कलमकसाई:
'वेळोवेळी सुधारेल तसं' यातच गोम आहे. १९६५ मध्ये पाँडिचेरीने मद्रासचा विक्रीकर कायदा असाच उसना घेतला. तो लागू होण्याआधीच मद्रासने त्यात दुरुस्ती केली आणि तीही आपसूक पाँडिचेरीच्या गळ्यात पडली. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उडवला, कारण विधिमंडळाने आपलं काम दुसऱ्यावर सोपवलं होतं. ते निदान देशातलंच राज्य होतं, इथे तर कोडेक्सच्या पालक संघटनांची रोम नि जिनिव्हा! आपल्याकडे विनियम, म्हणजे कायद्याखालचा नियम, करायचा तर आधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, नंतर संसदेपुढे ठेवावा लागतो. कमी दर्जाच्या मालाला ५ लाखांपर्यंत दंड आहे. तो भरणाऱ्याला नियम कधी बदलला हे राजपत्रात सापडायला नको?

सेलम:
बरं, साल घालून, म्हणजे ठरावीक वर्षाची आवृत्ती घ्या. पण मग ते शिळं होतं त्याचं काय? अन्न स्वच्छतेची कोडेक्सची संहिता १९६९ची. २०२० मध्ये तिची मोठी उलथापालथ झाली, २०२२ मध्ये पुन्हा हात लागला, क्रमांकात मात्र अजून १९६९च! नुसता क्रमांक टाकला की कोण कुठली आवृत्ती वाचतंय, देव जाणे.

परीक्षानळी:
तुमचं दोघांचं कागदावरच चाललंय. आपल्या हळद पावडरीच्या कोष्टकात बघा: कर्क्युमिनॉइड (हळदीचा पिवळा रंग देणारे घटक) किमान २ टक्के, स्टार्च कमाल ६० टक्के, लेड क्रोमेटची (शिशाच्या विषारी पिवळ्या रंगाची) चाचणी नकारार्थी. ही शेवटची ओळ आपल्या बाजाराची खोड ओळखून घातलेली आहे. पिवळेपणासाठी इथे काय मिसळतात ते आम्ही नळीत बघतो. अन्न सुरक्षा कायद्याचं कलम १८ सुद्धा देशातली शेती, साठवण, वाहतूक आणि आंतरराष्ट्रीय मानकं, सगळंच विचारात घ्यायला सांगतं. आणि कोडेक्स म्हणजे निव्वळ विज्ञान, असंही नाही. २०१२ मध्ये मांसातल्या रॅक्टोपामाइनची (जनावरांचं मांस वाढवायला देतात त्या औषधाची) मर्यादा ठरली ती मतदानाने, ६९ विरुद्ध ६७!

सेलम:
'आपली परिस्थिती' म्हणत सैल सोडलेलंही आठवा की. एप्रिल २०२४ मध्ये देशात नोंदणी नसलेल्या कीटकनाशकांची मसाल्यांतली मर्यादा ०.०१ वरून ०.१ मिग्रॅ प्रतिकिलो केली. दहापट!

परीक्षानळी:
मसाल्यातले रंग नि तेलं यंत्राच्या वाचनात लुडबुड करतात, ही अडचण खरी आहे. तरी दहापटच का, हे लोकांना नीट समजावून सांगायला हवं होतं, इथे मी तुमच्या बाजूने.

कलमकसाई:
मग एक तक्ता करा. प्रत्येक विनियमाशेजारी कोडेक्सचा क्रमांक, साल, आपण कुठे वेगळे आणि का. त्यासाठी कायद्याला हात लावावा लागत नाही.

सेलम:
तक्ता चालेल. पण 'का'चा रकाना रिकामा राहिला, तर ती अट कोष्टकातून काढायची. हे मान्य आहे का, तेवढं बोला.