अंतराळ दुर्बिणीच्या आरशाला मोबाईलची काच का नको?

दुर्बीणवेडा
मोबाईलची काच वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये सुमारे ४०० अंशांवर काही तास बुडवून ठेवतात. काचेतले सोडियमचे आयन (विद्युतभारित अणू) बाहेर पडतात, त्यांच्या जागी आकाराने मोठे पोटॅशियमचे आयन दाटीवाटीने बसतात आणि पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. बारीक चिरा उघडतच नाहीत. मग हबलचा २.४ मीटरचा आरसा ८०० किलोंच्या वर का? जेम्स वेब दुर्बिणीला बेरिलियम धातू का, ज्याची धूळ फुफ्फुसांना घातक? मजबूत केलेली पातळ काच घ्या, वजन उतरवा. इतकं सरळ असताना कोणी करत नाही, याचं कारण मला तरी सवय एवढंच दिसतं.

भट्टीतला
सवय नाही हो. आरसा फुटेल ही चिंता दुय्यम, तो वाकेल ही खरी. मोबाईलच्या काचेचा मीटरभर तुकडा एका अंशाने तापला की साधारण ८ मायक्रॉन लांबतो. हबलचा आरसा कडेला २.२ मायक्रॉन जास्त घासला गेला, तेवढ्यावर नासाची जगभर शोभा झाली. १९९३ साली अंतराळवीर पाठवून दुरुस्ती करावी लागली.
आणि हबलची काच म्हणजे सिलिका, त्यात थोडा टायटॅनियम ऑक्साइड. प्रसरण जवळपास शून्य, पण सोडियम औषधालाही नाही. भट्टीत बुडवून अदलाबदल कशाची करणार?

शंकासुर
भट्टीतले साहेब, तुलना जरा ताणलीत. सगळा आरसा सारखाच तापला तर फक्त फोकस सरकतो, तो जुळवता येतो. हबलचा दोष आकाराचा होता.

भट्टीतला
सारखा तापेल तेव्हा ना! पृथ्वीभोवती दीड तासात एक फेरी, सुमारे तासभर ऊन, अर्धा तास सावली. प्रसरण एवढं कमी असूनही हबलच्या आरशाला हीटर लावून २१ अंशांच्या आसपास ठेवतात.

दुर्बीणवेडा
बरं, सिलिका सोडा. झेरोडूर घ्या, काच आणि स्फटिक यांचं मिश्रण. जर्मनीत शॉट कंपनीने १९६८ पासून केलेलं, प्रसरण नगण्य, आणि त्यात लिथियम आहे. लिथियमच्या जागी सोडियम घाला. आता?

भट्टीतला
प्रश्न चांगला आहे, पण झेरोडूरचं प्रसरण शून्य कशामुळे? आतले स्फटिक तापले की आकसतात, भोवतालची काच प्रसरण पावते, दोन्ही एकमेकांना खोडतात. पृष्ठभागाची घडण बदलली की तिथला हिशोब बिघडला.
वर पॉलिशचं काय? दाबाचा थर साधारण ५० मायक्रॉनचा. भट्टीतून काढल्यावर पुढची बाजू घासलीत तर थर तिथे पातळ, मागे जाड. पातळ आरसा भाकरीसारखा फुगणार. आधी घासून मग भट्टीत घातलात, तर मेहनतीने आणलेला आकार भट्टीतच बदलणार. इथे हिशोब नॅनोमीटरचा असतो.

ऋजुता_के
आरसा म्हटलं की सगळ्यांना हबलच का आठवतो? २०१२ साली अंतराळात गेलेल्या नूस्टार दुर्बिणीत क्ष-किरणांसाठी डिस्प्लेच्या जातीची, जेमतेम ०.२१ मिलिमीटर जाडीची काच आहे. क्वार्ट्झच्या साच्यावर मऊ करून वाकवली आणि एकात एक अशा १३३ नळ्या बसवल्या. असे दोन संच.

दुर्बीणवेडा
हेच तर म्हणतोय मी! पातळ काच चालते.

भट्टीतला
पातळ चालते, मजबूत केलेली नव्हे. काच मऊ पडेपर्यंत तापवली की आधीचा दाब उरतच नाही. आणि वजनाचंच म्हणाल तर नासाच्या रोमन अंतराळ दुर्बिणीचा आरसाही २.४ मीटरचा, वजन १८६ किलो. काच हबलच्याच जातीची. आयनांना हातही न लावता वजन चौथाईच्या खाली आलं.

ऋजुता_के
ही काच जिथे शोभते तिथे वापरा की. ॲलर्जीचा झटका आल्यावर मांडीत टोचतात त्या एपिपेनमधली औषधाची काचनळी अशीच आयन बदलून मजबूत केलेली असते. तिथे एक अंशाने काय फरक पडतो? फुटली नाही म्हणजे झालं.

शंकासुर
अंतराळात मात्र न फुटण्याचीही खात्री नाही. मे २०२२ मध्ये वेबच्या एका आरशावर अशनीकण आदळला. बेरिलियमवर खळगा पडला, दुर्बीण चालू राहिली. पृष्ठभागावरच्या दाबाला तोलायला काचेच्या आत ताण असतो; दाबाचा थर भेदून खळगा आत गेला तर तो ताण मोकळा होतो, आणि ताण जास्त असेल तर अख्ख्या काचेचा चुरा. इथे तुमची मजबुतीच उलटणार.

दुर्बीणवेडा
चुरा होईल असं तुम्ही धरून चालला आहात. आतला ताण कमी ठेवला तर नाही होत. ‘एक बाजू घासली की फुगेल’ हेही नुसतं ऐकून घेणार नाही. दहा सेंटिमीटरची चकती, भट्टीआधी आणि भट्टीनंतर इंटरफेरोमीटरखाली (प्रकाशलहरींनी आकार मोजणारं यंत्र) बघायची. कोणाकडे सोय आहे?

भट्टीतला
भट्टी माझ्याकडे आहे. चकती तीन मिलिमीटरहून जाड पाठवू नका, नाहीतर फुगवटा दिसला नाही म्हणून नाचाल.