क्रॉनिक पॅनक्रियाटायटिस (स्वादुपिंडाचा जुनाट दाह): परफ्यूजन सीटीवर रक्तप्रवाहाचे आकडे जुळत नाहीत

रेडिओ_परळ
परफ्यूजन सीटीवर (कॉन्ट्रास्ट देऊन लागोपाठ स्कॅन) स्वादुपिंडाचा रक्तप्रवाह मॅक्सिमम स्लोपने मोजतोय, म्हणजे ऊती किती वेगाने उजळते यावरून. ट्यूबचा दाब 80 केव्ही, 50 मिली कॉन्ट्रास्ट. ग्रंथीच्या बॉडीतच (मधल्या भागात) एक आरओआय (मोजणीसाठी आखलेला भाग) 35 देतो, शेजारचा 90 मिली/100 मिली/मिनिट. ग्रंथीत कॅल्शियमचे खडे भरपूर आहेत. चुकतंय कुठे?

सीटी_दादर
इंजेक्शनचा वेग कमी पडला असता तर सगळीच ग्रंथी खाली आली असती. तरी तपासाच: 5 मिली/सेकंद, मागून 40 मिली सलाईन, कोपराच्या शिरेत हिरवी 18 गेज. मॅक्सिमम स्लोप पद्धत धरून चालते की ऊतीचा आलेख चढत असताना कॉन्ट्रास्ट शिरेवाटे बाहेर पडू लागलेलं नाही. बोलस (एका दमात दिलेला कॉन्ट्रास्ट) लांबला की हे गृहीतकच मोडतं.

तुमचा संशयित खडा आहे. पेशंटने श्वास घेतला की खडा आरओआयमध्ये येतो-जातो, आणि एचयूची (सीटीवरच्या घनतेचं एकक) ती उडी सॉफ्टवेअरला चढ वाटते. नुसत्या रंगीत नकाशावर विसंबू नका, प्रत्येक आरओआयचा वेळ-आलेख उघडा. खऱ्या चढाला वळण असतं, खड्याचा दात एकाच फ्रेमपुरता असतो. मोशन करेक्शन (हालचालीने सरकलेल्या फ्रेम जुळवणं) आधी, आरओआय नंतर. पोटाला पट्टा बांधून संथ, उथळ श्वास घ्यायला सांगा; 45 सेकंद दम रोखणं बहुतेकांना झेपत नाही.

पोटविकार_ठाणे
हाताने पडताळा. महाधमनीचा शिखर-चढ 250 एचयू, ऊतीच्या आलेखाचा कमाल उतार (स्लोप, म्हणजे दर सेकंदाचा चढ) 4 एचयू/सेकंद, तर 4 ÷ 250 × 60 × 100 = 96. उतार 1.5 असेल तर 36. म्हणजे तुमच्या दोन आकड्यांत अंतर जेमतेम अडीच एचयू/सेकंदाचं, आणि 80 केव्हीवर एवढा तर नुसता नॉइज असतो! आलेख स्मूद केल्याशिवाय उतार काढू नका.

स्प्लेनिक धमनी (प्लीहेकडे जाणारी) आरओआयच्या कडेला शिवली तर आकडा फुगतो. स्वादुपिंडाची फुगलेली नळी किंवा चरबी आत आली तर पडतो. सुकलेल्या ग्रंथीत स्वच्छ जागा फार थोडी उरते, तेव्हा आरओआय लहान ठेवून तीन ठिकाणी घ्या.

आणि उपाशीपोट. जेवणानंतर स्वादुपिंडाचा प्रवाह वाढतो. कसाऱ्याहून पहाटेच्या लोकलने येणारा पेशंट स्टेशनवर चहा-बिस्किटं घेतो, म्हणून आदल्या दिवशीच फोन करा. मधुमेह असेल तर पहिला नंबर द्या.

रेडिओ_परळ
आलेख उघडले. 90 वाल्यात एकाच फ्रेमचा दात आहे. रिपोर्टमध्ये कट-ऑफ (याखाली प्रवाह कमी, अशी ठराविक मर्यादा) लिहू का?

पोटविकार_ठाणे
नको. सॉफ्टवेअर बदललं की आकडा बदलतो. फायब्रोसिसमध्ये (ग्रंथीत व्रणासारखी तंतुमय ऊती होते तेव्हा) प्रवाह घटतो हे खरं, पण कर्करोगाची गाठही तसाच कमी प्रवाह दाखवते. त्याच मशीनवर, त्याच प्रोटोकॉलने पुढच्या वेळी तुलना करा.