पटतं, पण अर्धंच

‘माणूस आधी असतो, मग स्वतःला घडवतो’ हे फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रचं १९४५ सालचं म्हणणं तुम्ही मांडलंत. पटतं, पण अर्धंच. आमचे आजोबा जन्मभर बेळगावजवळच्या खानापूरच्या एकाच घरात राहिले. जन्मले मुंबई इलाख्यात, १९५६ला म्हैसूर राज्यात गेले, १९७३ला कर्नाटकात. उंबरा तोच! शेजाऱ्यांशी कानडीत भांडायचे, हिशेब मात्र पुटपुटत मराठीत. (फारच चिडले की एकाच वाक्यात दोन्ही भाषा.) यात त्यांनी स्वतःला घडवलं कुठे? उलट धारवाडचे द. रा. बेंद्रे बघा: घरात मराठी, कविता कन्नडमध्ये, १९७३चं ज्ञानपीठही कन्नडसाठीच. त्याला निवड म्हणा हवं तर. आजोबांना कुणी विचारलंच नव्हतं.