'व्यवसाय कर' लिहिलं आणि काकांनी अडवलं : बिझनेस टॅक्सला शब्द सुचवा

शेवंती
मंडळी, एका पुस्तिकेसाठी अमेरिकेतल्या एका विषयावरच्या लेखाचं भाषांतर करून राहिले आहे. वॉशिंग्टन डीसी शहराने जुलै २०१९ पासून तिथल्या कंपन्या-दुकानांकडून एकूण पगारखर्चावर ०.६२ टक्के कर घ्यायला सुरुवात केली. वर्षभराने त्याच पैशातून बाळ झालेल्या आईला आणि बापालाही भरपगारी नसली तरी बऱ्यापैकी पैसे मिळणारी रजा सुरू झाली. लेखाचा प्रश्न साधा आहे : हा कर दुकानदार किमती वाढवून गिऱ्हाइकाकडून काढून घेतो का?

मी 'बिझनेस टॅक्स'ला 'व्यवसाय कर' लिहिलं आणि कच्चा खर्डा नवऱ्याच्या काकांना वाचायला दिला. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. दुसऱ्याच ओळीवर थांबले. "व्यवसाय कर तर मी तीस वर्षं भरला. दर महिन्याला पगारातून कापायचे. मी कोणता धंदा केला?"

दुसरी अडचण क्रियापदाची. 'पास ऑन' करणे. 'कर ग्राहकावर पुढे ढकलतात' लिहिलं तर परीक्षा पुढे ढकलल्यासारखं वाटतं.

हिशेबी
काका शंभर टक्के बरोबर. महाराष्ट्रात 'व्यवसाय कर' हे शब्द १९७५ च्या कायद्याने अडकवून ठेवलेत. व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकरी या चारही गोष्टींवरचा कर आहे तो, पण बोलताना फक्त 'व्यवसाय' उरलं. पैसा उभारायचा होता रोजगार हमीसाठी. म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या खिशातून दुष्काळी गावातल्या मजुराची मजुरी. नावात व्यवसाय, खिसा नोकराचा. तुमच्या लेखात नेमकं उलटं आहे, त्यामुळे हा शब्द अजिबात वापरू नका. 'मालकांकडून पगारखर्चावर घेतला जाणारा कर' असं लांबलचक लिहा, पण चुकीचं लिहू नका.

कोष्टीपुऱ्याचा
फेब्रुवारीत २०० च्या जागी ३०० काऊन कापतात, हे मले पंधरा वर्षं कोणी सांगितलं नाही. महिना लहान, कपात मोठी! मग एक दिवस आमच्या अकाउंटवाल्या ताईनं कागदावर करून दाखवलं. अकरा महिने २०० म्हणजे २२००, वरचे ३००, झाले २५००. घटनेनंच २५०० च्या वर घेऊ नका म्हटलंय म्हणे.

हिशेबी
हो, कलम २७६. आणि २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना हा कर माफ आहे. शेवंतीताई, तुमच्या पुस्तिकेच्या निम्म्या वाचकांना 'व्यवसाय कर' कापलाच जात नसेल.

मुळाक्षर
इतकी शोधाशोध कशाला? अर्थशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत तिन्ही संज्ञा तयार आहेत. सरकार ज्याच्याकडून कर घेतं त्याच्यावर होतो तो कराघात. तो दुसऱ्याकडे सरकवणं म्हणजे करसंक्रमण. आणि शेवटी ज्याच्या खिशातून जातो त्याच्यावर करभार. लेखाचा प्रश्न एका ओळीत : 'या कराचे ग्राहकांकडे संक्रमण होते का?' मराठीत शब्द नाहीत अशी ओरड करणाऱ्यांनी आधी जुनी पुस्तकं उघडावीत.

तर्रीपोहे
संक्रमण म्हटलं की मला करोना आठवतो. ग्राहकांना मास्क लावायला सांगाल.

शेवंती
मुळाक्षर, शब्द नेमके आहेत, वाद नाही. पण ही पुस्तिका बचत गटातल्या बायका वाचणार. कराघात म्हटलं की त्यांना पक्षाघातच आठवेल.

कोष्टीपुऱ्याचा
संक्रमण आणि संक्रांत एकाच घरचे ना? मग सरळ लिहा, 'कर मालकावर, संक्रांत गिऱ्हाइकावर.' बायकाइले बरोबर समजते. 😄

मुळाक्षर
धातू एकच आहे, सम् + क्रम्. पण संज्ञेच्या जागी वाक्प्रचार वापरला की अर्थ सांडतो. संक्रांत कोसळते, कर सरकतो. आणि सरकतो की नाही हाच तर लेखाचा प्रश्न आहे. तुम्ही उत्तर आधीच देऊन मोकळे झालात.

इतवारी
मी दुकानदार आहे, माझं ऐका. आम्ही संक्रमणही म्हणत नाही आणि ढकलतही नाही. आम्ही भावात धरतो. 'हमाली भावात धरली का?' 'जीएसटी धरून की वेगळा?' आणि धरता आला नाही तर अंगावर घेतो. या दोन शब्दांत तुमचा सगळा लेख बसतो : हा कर मालक भावात धरतो की अंगावर घेतो?

आता अनुभव. नागपुरात जकात होती. २०१३ मध्ये ती जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, त्यावरून किती बंद, किती मोर्चे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तोही आमच्यासारख्यांसाठी गेला. प्रत्येक वेळी गिऱ्हाईक विचारायचं, "भाऊ, आता भाव उतरले का?" खरं सांगू? बाजूच्या दुकानानं उतरवले तर आम्ही उतरवले. नाही तर नाही. कर चढताना सगळ्यांना एकदम आठवतो, उतरताना कोणालाच नाही. वॉशिंग्टनवाल्यांचा दर पुढे कमी झाला होता का? झाला असेल तर तिथले भाव उतरले का विचारा.

शेवंती
इतवारी भाऊ, झाला होता. २०२२ मध्ये ०.२६ टक्क्यांवर आला, मग २०२४ मध्ये वाढवून ०.७५ केला. भावाचं लेखात काही नाही. 'भावात धरणे' मात्र मी लगेच उचलते आहे.

हिशेबी
थोडा पाढा म्हणू द्या. तर्री-पोह्याची प्लेट ३० रुपयांची धरा. त्यात माणसांच्या पगाराचा वाटा ३० टक्के धरला (उदाहरणासाठी, टपरीवर बहुधा कमीच असेल), म्हणजे ९ रुपये. त्यावर ०.६२ टक्के म्हणजे साधारण साडेपाच पैसे. पूर्ण कर गिऱ्हाइकाकडून काढला तरी प्लेटमागे साडेपाच पैसे. पोहे, तेल, कांदे पुरवणाऱ्यांनीही आपापला कर भावात धरला तर आणखी थोडे. 'धंद्यांवर कर बसवला की महागाई भडकेल' ही ओरड निदान या दरात टिकत नाही.

पण याचा अर्थ बाकीचा कर मालकच सोसतो असाही नाही. मालकाला तिसरा खिसा असतो : नोकराचा. पुढच्या वर्षीची पगारवाढ जराशी कमी द्यायची, कोणाला कळतही नाही. जोनाथन ग्रुबर या अर्थशास्त्रज्ञाचा १९९४ चा अभ्यास याच जातीचा आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांनी १९७० च्या दशकात नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्य विम्यात बाळंतपणाचा खर्च सक्तीचा केला. त्या खर्चाचा बराचसा भाग ज्यांच्यासाठी ही सोय होती त्यांच्याच पगारातून वळता झालेला त्याला दिसला. म्हणून 'मालक की ग्राहक' एवढंच विचारणारा लेख अर्धा आहे. कॅलिफोर्नियात तर लपवाछपवीच नाही, तिथे २००४ पासून अशा रजेचे पैसे उघडपणे कामगारांच्या पगारातूनच कापतात.

तर्रीपोहे
हिशेबी साहेब, साडेपाच पैसे तुमच्या वहीत. आमच्या चौकातला प्लेटमागे वाढवतो तर पाच रुपयेच वाढवतो. सुटे कुठून आणणार? आणि कारण विचारलं तर गॅस सांगतो.

अजनी
रेल्वेत आहे, म्हणून रजेबद्दल बोलतो. पेरेंटल लीव्हला काय लिहिलं? आमच्या हिंदी फॉर्मवर 'बाल देखभाल अवकाश' असतं, ७३० दिवसांचं. बायको राज्य सरकारात, तिच्याकडे 'बालसंगोपन रजा', १८० दिवस. एकच लेकरू, एकाच घरात दोन भाषा आणि दोन हिशेब. नवा साहेब पुण्याहून आला तेव्हा 'मॅडम अवकाशात गेल्यात' म्हणून हसत होता.

शेवंती
मी 'पालकत्व रजा' लिहिलंय. 'मातृत्व रजा' लिहिलं तर बाप सुटतो.

मुळाक्षर
'रजा' अरबीतून आलेला. मूळ अर्थ संमती, परवानगी. हक्काच्या गोष्टीला परवानगीचा शब्द वापरायचा, हे पटतं का? 'सुटी' तरी आपली आहे.

कोष्टीपुऱ्याचा
बाळंतपण म्हणजे सुटी? हे तुमी आमच्या घरी येऊन बोला, बाप्पा. आमची माय दारातच उत्तर देईन.

इतवारी
😂😂

हिशेबी
मुळाक्षर, 'पगारी रजा' हा शब्द बघा. पगार पोर्तुगीज, रजा अरबी, आणि दोघांचा संसार चारचौघांसारखा मराठीत सुखाने चाललाय. कशाला मोडता?

धरमपेठी
उशिरा आले, पण एक शब्द टाकते. माझी आजी मिलमध्ये कांड्या भरायला जायची. ती 'रजा' म्हणायचीच नाही. 'बाळंतभत्ता' म्हणायची. तिच्या लेखी गोष्ट पैशाची होती, दिवसांची नाही. दिवस काय, अंग धरेना की बसावंच लागे घरी. 'भत्ता मिळाला तेव्हा तुझा बाप झाला' हे तिचं ठरलेलं वाक्य, जणू भत्त्यानेच बाबांना आणलं.

मुंबई इलाख्याचा बाळंतपणाच्या लाभाचा कायदा १९२९ चा, तो सगळ्यांना माहीत असतो. पण दुसऱ्याच वर्षी, १९३० मध्ये, मध्य प्रांतानेही केला, आणि मध्य प्रांताची राजधानी आपलं नागपूर. मुंबईच्या विधेयकावर १९२८ मध्ये कायदेमंडळात बाबासाहेब बोलले होते. शेवंतीताई, तुमच्या लेखाचा प्रश्न तेव्हाच टेबलावर होता : हा भार कोणी उचलायचा? त्यांचं म्हणणं असं की आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून मोठा भार सरकारने उचलावा. पण सरकार उचलत नाही तोवर, बायकांना कामाला लावून फायदा घेणाऱ्या मालकाने का उचलू नये? ग्राहकाचं नाव त्या वादात मागे राहिलं, तरी 'भार' हा शब्द तेव्हापासूनचा. मी तरी 'भार'च वापरेन.

हिशेबी
आणि शंभर वर्षं होत आली तरी आपल्याकडे तो बराचसा मालकाच्याच डोक्यावर आहे. २०१७ च्या दुरुस्तीने १२ आठवड्यांचे २६ केले, पण ईएसआय म्हणजे सरकारी कामगार विमा, त्याच्या बाहेर असलेल्या बाईचा पूर्ण पगार तिचा मालक एकटा देतो. हा कर नाही, ही त्या एका मालकावरची सक्ती आहे, आणि दोन्हींत फरक आहे. कर सगळ्यांवर बसतो, मग तुमच्याकडे बाया असोत की नसोत. सक्ती फक्त बाई कामाला ठेवणाऱ्यावर बसते. मग मुलाखतीत 'लग्न कधी करणार' विचारतात. तिथे भावात धरायची गरजच पडत नाही. बाईलाच धरत नाहीत. ईएसआयमध्ये मालक सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का भरतो, पण ती सोय २१ हजारांपर्यंतच्या पगाराला. ब्रिटनमध्ये मालक आधी पैसे देतो आणि त्यातले निदान ९२ टक्के सरकारकडून वळते करून घेतो.

धरमपेठी
बाईलाच धरत नाहीत, हे खरं आहे. माझ्या भाचीला एका कंपनीत विचारलंय असंच. जाऊ द्या.

तर्रीपोहे
करासाठी माझी सूचना : मालकपट्टी. घरपट्टी, पाणीपट्टी, तशी मालकपट्टी. सुटसुटीत.

कोष्टीपुऱ्याचा
नागपुरात घरपट्टी कोण म्हणते बे? 'घर टॅक्स' म्हणतात. आणि आमच्या मायसाठी मालक म्हणजे आमचे बाबा. तिले वाटीन नवऱ्यावर टॅक्स बसला.

धरमपेठी
तो बसवा आधी. 😄 मी 'बाळंतविडा निधी' सुचवते. बाळंतिणीला सगळ्यांनी मिळून द्यायचं, कोणा एकाच्या अंगावर नाही. कल्पना तीच ना?

मुळाक्षर
बाळंतविडा स्वखुशीने देतात. कर सक्तीने घेतात. अहेराला कर म्हणू नये आणि कराला अहेर तर मुळीच म्हणू नये. सरकारला ही सवय लागली तर भुर्दंडालाही दक्षिणा म्हणतील.

अजनी
भुर्दंड म्हणजे भूरि + दंड ना? खूप दंड?

इतवारी
आमचे दादाजी सांगायचे, पैसे भुर्र उडतात म्हणून भुर्दंड.

मुळाक्षर
दादाजींची व्युत्पत्ती गोड आहे, एवढंच म्हणतो.

शेवंती
मंडळी, मुदत काल संपली, त्यामुळे पाठवून दिलं. शेवटी असं केलं : 'धंद्यांनी पगारखर्चावर भरायचा कर' आणि 'हा कर ते भावात धरतात, अंगावर घेतात, की कामगाराच्या पगारवाढीतून काढतात?' तिसरा तुकडा मूळ लेखात नाही, हिशेबींचा आहे. तळटीप दिली. संपादकबाईंनी 'अंगावर घेतात' खाली लाल रेघ मारली आहे, ग्राम्य म्हणून. भांडते आहे.

आणि काकांनी पुन्हा वाचलं. आता विचारतात, "पगारी रजा म्हणजे रजेत पगार मिळतो, की पगारी माणसाला रजा मिळते? पगारी नोकर म्हणतोच ना आपण?"

मुळाक्षर
काकांना नमस्कार सांगा. पण याचा वेगळा धागा काढा, इथे अजून 'संक्रमण' मिटलेलं नाही. 'भावात धरणे' ही संज्ञा नव्हे, यावर मी ठाम आहे.

इतवारी
संज्ञा नसू द्या. उद्या दुकानात या, धरून दाखवतो.