पाच वर्षांचा प्लॅन आधी, की गल्ल्यावर बसणं आधी?

शेववाला_इंदूर:
नमस्कार मंडळी, इंदूरला आमचं शेव-नमकीनचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. मी एमबीए करतोय आणि बाबांच्या मागे लागलोय की मॅनेजमेंटवाल्या पोर्टरच्या पद्धतीनं स्पर्धक, नवे येणारे, बेसनवाले, गिऱ्हाईक सगळं कागदावर मांडू आणि पाच वर्षांचा प्लॅन करू. बाबा म्हणतात आधी गल्ल्यावर बस. आता जिरावनचंच बघा, म्हणजे आमचा धने-जिऱ्याचा मसाला, लवंग शेवेबरोबर पोह्यांवर घालायला म्हणून पुडी फुकट द्यायचो, तर भंवरकुआंच्या होस्टेलची पोरं हल्ली नुसतं जिरावनच मागायला येतात, हे कुठल्या प्लॅनमधे बसणार होतं? स्ट्रॅटेजी आधी ठरते की मागून दिसते?

रामबागचे_काका:
अरे हाच तर मॅनेजमेंटच्या दोन पंडितांचा वाद, आन्सॉफ म्हणतो आधी प्लॅन, मिंट्झबर्ग म्हणतो स्ट्रॅटेजी करता करता घडते. होंडा १९५९ मधे अमेरिकेत गेली ती मोठ्या मोटरसायकली विकायला, पण तिकडे लोक लांब लांब पळवायचे, त्यात तेल गळायला लागलं, क्लच गेले, आणि लॉस एंजेलिसमधे होंडाची माणसं स्वतःच्या कामांना ५० सीसीची सुपर कब घेऊन फिरायची, लोक तिचीच चौकशी करायला लागले, मग तीच विकायला काढली. १९७५ मधे बीसीजी या सल्लागार कंपनीनं ब्रिटिश सरकारला रिपोर्ट दिला त्यात मात्र होंडाचं यश म्हणजे जास्त उत्पादन, कमी खर्च, सगळं कसं हिशोबानं झालेलं. १९८४ मधे रिचर्ड पास्कल या अभ्यासकानं होंडाच्या त्या मंडळींच्याच तोंडून ऐकलेली हकीकत मांडली. बाबा बरोबर आहेत.

ताई_पलासिया:
काका, अर्धीच बाजू झाली ही. सुपर कब जपानमधे १९५८ पासूनच विकत होते, छोट्या इंजिनात हात बसलेला होता म्हणून ऐनवेळी माल हाताशी होता. प्रहलाद आणि हॅमेल या अभ्यासकांनी १९९० मधे कोअर कॉम्पिटन्स, म्हणजे कंपनीचं मुळातलं कसब, म्हटलं त्यात होंडाची इंजिनं येतातच. आणि आन्सॉफचं मिंट्झबर्गला उत्तर मला अजून पटतं, बाजार भराभर बदलत असला तर चुकत चुकत शिकणं महागात पडतं. शेववाल्या, तुमचा भाजायचा हात हीच तुमची इंजिनं समज. जिरावन कोण नेतं, किती नेतं, परत येतं का, हे तीन महिने वहीत लिही आणि मग बाबांसमोर बस.

शेववाला_इंदूर:
ताई, वही आजच घातली. काका, बाबांना होंडाचं सांगितलं तर काही बोलले नाहीत, आतून धने-जिरं भाजायला दुसरी कढई काढून आणली.